शंकरपट आणि स्टॉपवॉच

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पहिली रांग पाहुण्यांसाठी रिकामी ठेवायची आणि पाहुण्यांनी मागे चहापाशी उभं राहायचं, अशी आपल्याकडची पद्धत आहे. या, बसा.

आधी एक खुलासा. पत्रिकेत 'मॉडिफाइड स्पोर्ट्स कार' छापलं आहे आणि वर एका लाल परदेशी गाडीचं चित्र आहे. ती गाडी माझी नाही. माझी खाली जिन्यापाशी उभी आहे, चार दारांची जुनी होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. कंपनीतून निघाली तेव्हा १०६ हॉर्सपॉवरची होती. मागची सीट काढली, बाजूची काढली, एसीही काढला. नागपुरात राहून गाडीचा एसी काढणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते माझ्या घरी विचारा. ट्रेलरवर आणली आहे. असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायची नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. रात्री फुटाळा तलावावर सायलेन्सरचे फटाके फोडत फिरणारी पोरं आणि ट्रॅकवर स्पर्धा करणारे आम्ही, यांना एकाच माळेत ओवू नका एवढीच विनंती.

विषयाचे दोन भाग आहेत, गाडीची तयारी आणि चालकाची तयारी. महत्त्वाचा भाग चालकाचा. त्याच्यासाठी मी निम्मा वेळ राखून ठेवला आहे. मागच्या वर्षीही ठेवला होता, असं कोणीतरी तिकडून म्हणतंय. ऐकू आलं मला.

तर सुरुवात बैलांपासून.

हसू नका. आम्ही जी स्पर्धा करतो तिला टाइम अटॅक म्हणतात. ट्रॅकवर दुसऱ्या गाड्या असल्या तरी त्यांच्याशी तुमची शर्यत नसते. तुमची शर्यत घड्याळाशी. एका फेरीला किती वेळ लागला तेवढं बघायचं, ज्याची सगळ्यात कमी वेळेची फेरी तो जिंकला. पुण्या-मुंबईचे मित्र मला हे समजावून सांगत होते तेव्हा मी म्हटलं, अरे बाप्पा, हा तर आमचा शंकरपट! आमच्याकडच्या पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एक बैलजोडी सुटते, समोर मोकळी धाव, शेवटी घड्याळ. अमरावती जिल्ह्यात धामणगावजवळच्या तळेगाव दशासरच्या पटात सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. मधली काही वर्षं बंदीत गेली. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली, आणि पट पुन्हा सुरू झाले. म्हणजे टाइम अटॅक ही विलायती गोष्ट आहे असं कोणी सांगितलं तर त्याला हिवाळ्यात धामणगावकडे घेऊन जा.

माझा आजा धुरकरी होता. छकड्यावर जो बसतो तो धुरकरी, हे इथे सांगायची गरज नसावी, पण धरमपेठेतली मंडळीही आली आहेत म्हणून सांगितलं. पटाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आजा अनवाणी पायानं पूर्ण धाव चालून यायचा. कुठे ढेकूळ आहे, कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे उतार आहे, हे तळपायानं बघायचा. रात्री भाकरी अर्धीच खायचा. बैलाची नाल स्वतः तपासायचा, नालवाल्यावर विश्वास असला तरी. बैलाच्या ताकदीबद्दल मात्र त्याला बोलताना मी कधी ऐकलं नाही. लोक यायचे, म्हणायचे, काय जोडी आहे! तो म्हणायचा, "पयवाले कोनालेबी जमते लेका, उभं कराले जमलं पायजे."

आधी धुरकरी, मग नाल, मग कासरा, आणि सगळ्यात शेवटी बैल. गाडीच्या भाषेत आधी चालक, मग टायर, मग ब्रेक, आणि इंजिन शेवटी. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. आता हे मी आज्याकडून शिकलो असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी ते ग्रेटर नोएडाला शिकलो, आणि बरंच महाग शिकलो.

आपलं नागपूर देशाच्या मध्यावर. शून्य मैलाचा दगड आपल्याकडे, याचा आपल्याला कोण अभिमान! त्याचा अर्थ असा की देशातला प्रत्येक रेस ट्रॅक आपल्यापासून लांबच आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक खाली अकराशे किलोमीटरवर, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट वर जवळजवळ तेवढाच, आणि कोइमतूरचा कारी ट्रॅक त्याहून लांब. मी बुद्ध निवडला, कारण तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली होती आणि मला फोटो काढायचा होता. खोटं कशाला बोलू? सव्वापाच किलोमीटरला थोडा कमी, ५.१२५, सोळा वळणं. तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की चौथ्यापर्यंत किलोमीटरभराची सरळ धाव.

जायच्या आधी दोन वर्षं मी इंजिनावर पैसे ओतले. एक्झॉस्ट बदलला, इनटेक बदलला, सिलिंडर हेड खरादवर नेऊन घासून आणलं. हिंगणा एमआयडीसीत माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे हात शिवशिवतात. मागे डिकीवर एक स्पॉयलर, म्हणजे पंखासारखी पट्टी, तीही लावली होती. तो का लावला ते विचारू नका. पुढच्या मारबतीच्या मिरवणुकीत बडग्याच्या पुतळ्याबरोबर धाडून देणार आहे. निघायच्या आदल्या रात्री इंजिन ऑइल मी सात वेळा तपासलं. ब्रेक ऑइल एका मिस्त्रीनं बदलून दिलं होतं. माणूस हाताचा चांगला. मी विचारलं, डॉट फोर दर्जाचं टाकलं ना? तो म्हणाला, साहेब, डॉट फोरच. ते खरंच होतं. फक्त तो डबा झाकण सैल ठेवून अख्खा पावसाळा त्याच्या फळीवर उभा होता, हे मला नंतर कळलं.

आता इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट न समजता लोक पॅड बदलत बसतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, संक्रांतीनंतर बरणी उघडी राहिली की गूळ ओढतो तसं. डॉट फोर ताजं असेल तर किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असा नियम. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. आता हिशोब करा. एक टनाची गाडी, १६० चा वेग, तो ६० वर आणायचा. त्या एका ब्रेकमध्ये साधारण साडेआठशे किलोज्यूल उष्णता निघते. म्हणजे अडीच लिटर थंड पाणी उकळीला येईल एवढी. वीस कप चहा! एका ब्रेकला! आणि एका फेरीत असे ब्रेक किती वेळा मारता? ती उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, आणि तिथून ऑइलमध्ये. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल नुसतं खाली जातं.

तिसरी फेरी. सरळ धाव संपत आली, काटा १६० च्या वर, मी ठरवलेल्या खुणेपाशी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल खाली गेलं, जसं शेतातल्या ओल्या मातीत पाय जातो तसं, कसलाही विरोध नाही. पुन्हा दाबलं. तेच. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा थोडं काहीतरी लागलं, कारण भराभर पंप केलं की थोडा दाब तयार होतो. पण तोवर वळण निघून गेलं होतं. मी सरळ गेलो. त्या ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी डांबरी जागा ठेवलेली आहे, तिच्यामुळे मी आज तुमच्यासमोर उभा आहे. गिअर खाली टाकत टाकत गाडी थांबवली. झेंडेवाला पोरगा धावत आला. मला वाटलं विचारेल, लागलं का? त्यानं विचारलं, "सर, स्पॉयलर ओरिजिनल आहे का?"

त्या दिवशी पहिला नंबर एका कॉलेजच्या मुलीचा आला, साध्या स्विफ्टमध्ये. इंजिनाला हात लावलेला नव्हता. चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजं ऑइल. प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या अर्ध्या सेकंदाच्या आत. मी तिला विचारलं, किती दिवस सराव करतेस? ती म्हणाली, काल संध्याकाळी ट्रॅक चालून आले. पायी. मला आजाच आठवला.

आता अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मी बघितलं नाही असं समजा.

तर आता सीलबंद डबा घेतो, स्वतः फोडतो, प्रत्येक स्पर्धेआधी ऑइल बदलतो आणि उरलेलं फेकून देतो. घरी म्हणतात, एवढं महाग फेकता? मी म्हणतो, स्वस्त आहे.

टायरचं पटकन सांगतो. पंक्चरवाल्याकडे ३३ ची हवा भरून ट्रॅकवर जाऊ नका. थंड टायरमध्ये २८ भरली आणि टायर तीस अंशांवरून ऐंशीला तापला, तर आपोआप ३५ होते. म्हणून हवा गरम टायरची मोजायची, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्या आल्या, आणि त्यावरून थंडची ठरवायची. टायरच्या बाजूला खडूची रेघ मारा. फेऱ्या मारून आल्यावर रेघ किती पुसली ते बघा. खूप खाली पुसली तर टायर वळणात लोळतोय, हवा वाढवा. पुसलीच नाही तर कमी करा. चार आण्याचा खडू आहे, पण लोक आधी कॉम्प्युटर लावतात. चाकाचे नट टॉर्क रेंचनं, माझ्या गाडीला १०८ न्यूटन-मीटर. जपमाळेचा आकडा आहे, म्हणून विसरत नाही.

तापमान. गाडीचा मूळ काटा मधोमध उभा राहतो आणि इंजिन उकळायला लागल्यावरच हलतो, त्याच्यावर जाऊ नका. वेगळा मीटर लावा. आणि त्या मीटरवरही डोळे मिटून विश्वास नको. मे २०२४ च्या शेवटी आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? अख्ख्या देशात नागपूरचं नाव झालं, आणि मग हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर चुकला. म्हणून सेन्सर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, त्यामुळे पाणी ९९ च्या जवळ उकळतं. ९९ दाखवले तर ठीक, ११० दाखवले तर दुकानात परत.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा, त्याबद्दल माझी एक तक्रार आहे, ती मी सोडणार नाही. लोक गेट बनवणाऱ्याकडून केज करून घेतात. गेटच्या पाइपाची! दिसते तशीच, रंगही काळाच. आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमानीला बिनजोड, थंड ओढलेला कार्बन स्टीलचा पाइप लागतो, ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, नाहीतर ५० आणि २. शिवण असलेला पाइप गाडी उलटल्यावर शिवणीवर फाटू शकतो, आणि त्याच्या खाली तुमचं डोकं असतं. माझ्याकडे पाइपाचे दोन तुकडे आहेत, एक चांगला, एक गेटचा, व्हाइसमध्ये दाबून बघितलेले. नंतर दाखवतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

चालक. हा खरा विषय होता. भराभर सांगतो, लिहून घ्या.

बसणं आधी. पाठ आणि खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. बोटं पडत असतील तर तुम्ही लांब बसला आहात. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. नव्वद टक्के नवे लोक लांब बसतात, कारण सिनेमात तसंच बसतात.

हेल्मेट मोटारसायकलचं चालत नाही. स्नेल या संस्थेचा एसए शिक्का बघा, मोटारसायकलचा एम नाही. एसए आगीसाठी तपासलेलं असतं. सूट आगीला टिकणाऱ्या नोमेक्स कापडाचा, आतला बनियन सुती, नायलॉनचा नको, वितळून कातडीला चिकटतो. हार्नेसच्या, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टच्या, पट्ट्यावर मुदत छापलेली असते, ती वाचा. परवाना एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा, वैद्यकीय तपासणीसह, तो आठवडाभर आधी मागू नका.

उष्णता. आपल्याला वाटतं, आपण नागपूरचे, आपल्याला काय ऊन! पण बंद काच, हेल्मेट, तीन थरांचा सूट. फेऱ्यांच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम गेला. सत्तर किलोच्या माणसाचं दीड किलो गेलं की डोकं मंद होतं, आणि मंद झालंय हे त्याला कळत नाही. ताक, मीठ-साखरेचं पाणी, आदल्या रात्रीपासून. आदल्या रात्री सावजीचं तिखट जेवण नको. हे मी अनुभवानं सांगतोय, तपशील विचारू नका.

नजर. गाडी तुम्ही बघता तिकडे जाते. वळणात शिरताना बाहेर पडायची जागा बघा, बॉनेट नाही.

आणि खाटेवरचा सराव. डोळे मिटा, हातात स्टॉपवॉच, मनात पूर्ण फेरी मारा, प्रत्येक ब्रेक, प्रत्येक गिअर. माझी मनातली फेरी आधी खऱ्या फेरीपेक्षा अकरा सेकंद लवकर संपायची. म्हणजे कितीतरी वळणं मला माहीतच नव्हती, मी उड्या मारत होतो. आता एका सेकंदाचा फरक येतो. मिसेसला वाटतं मी झोपलोय.

फेऱ्या संपल्या की एक फेरी सावकाश, ब्रेक न वापरता, सगळं थंड होऊ द्या. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली वीट.

दुसरी चिठ्ठी. बरं बरं, थांबतो. गाडी खाली आहे, बॉनेट उघडं आहे, आत डोकावा, फक्त एक्झॉस्टला हात लावू नका. आणि मागच्या वर्षी याच सभागृहात मी दाखवायला आणलेला टायरच्या हवेचा गेज कोणीतरी सोबत घेऊन गेलं आहे. पितळी, काळ्या रबराचा. मी काही म्हणणार नाही, तो फक्त दाराशी टेबलावर ठेवून द्या.