मोजमाप कुणाच्या हातात?

गरिबी आणि आजारपण यांचे नाते समजायला संशोधक लागत नाही. घरात एखादे मोठे दुखणे येऊन गेले की ते कुणालाही कळते. संशोधनाकडून अपेक्षा असते ती वेगळी, आणि तिच्यातल्या एकाच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे: हे मोजमाप कुणी करायचे?

वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले की, वैद्यकीय सेवेची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते. हे खरे असेल तर केवळ दवाखान्यातल्या नोंदींवर विसंबलेले संशोधन मुळातच लंगडे पडते, कारण जो तिथवर पोहोचलाच नाही त्याचे दुखणे कागदावर येतच नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी हे दाखवून दिले. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केल्यावर 92 टक्के जणींना स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. 1989 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

पण मला अधिक मोलाचे वाटते ते तिथले एक साधे उपकरण. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल तर ती धोक्याची खूण. गावच्या निरक्षर सुईणींना इतके आकडे येत नव्हते. म्हणून त्यांच्या हाती एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ दिली गेली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला, तर बाळाला उपचार हवेत. निदान, जे एरवी डॉक्टरच्या टेबलापलीकडे असते, ते असे झोपडीत आले. पुढे प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा 39 गावांतला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांच्या मानाने, तीन वर्षांत सुमारे 62 टक्क्यांनी उतरला. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने तर औषधही हाती घेतले नाही. गावातल्या बायका महिन्यातून एकदा जमत, बाळे का दगावतात यावर बोलत, उपाय ठरवत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांचा नवजात मृत्युदर 32 टक्क्यांनी कमी दिसला. (नुसत्या बैठकांनी काय होणार, असे विचारणाऱ्यांत एके काळी मीही होतो.)

प्रयोगाची सरकारी योजना झाली की मात्र गणित बदलते. 2011 पासून देशभर आशा ताई नवजात बाळाच्या घरी जातात: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरी झालेल्या बाळंतपणानंतर सात. सगळ्या भेटी पूर्ण केल्या तर एका बाळामागे 250 रुपये ठरवले गेले. ही बाई बहुधा त्याच वस्तीतली, तितकीच गरीब. आणि सरकारी दफ्तरात तिची नोंद कर्मचारी म्हणून नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणून आहे.