मोजणी झाली, पण दगड रोवले का?

नमस्कार मंडळी, आज बांधावरचं बोलायचंय. आपल्या सांगली-साताऱ्याकडं ऊसतोड उरकली की रान मोकळं होतं, जमिनीची सरकारी मोजणी आणायची तर तेच दिवस, कारण उभ्या उसात मशीन घेऊन कुणी कोपऱ्यापर्यंत पोचूच शकत नाही.

आमचं रान येरळेच्या काठाला. चार वर्षांपूर्वी रीतसर पैसे भरून हद्द कायम मोजणी, म्हणजे रानाच्या हद्दी दाखवून देणारी मोजणी आणली, भूकरमापक म्हणजे सरकारी मोजणीदार आले, रोव्हरनं, म्हणजे उपग्रहावरनं जागा काढणाऱ्या मशीननं, कोपरे काढले, चुना टाकून लाकडी खुंट्या मारल्या, सह्या झाल्या, चहा झाला, आणि दगड उद्या आणू म्हणून आम्ही घरी आलो. तो उद्या काय उजाडला नाही. पुढं रानात रोटर फिरला, खुंटी गेली, पावसानं चुना गेला, आणि शेजारचे अण्णा म्हणाले खुंटी बोरीच्या झाडाच्या अलीकडं होती, मी म्हणतोय पलीकडं. अण्णा खोटं बोलत नव्हते हो, त्यांना तसंच आठवत होतं. दोन वर्षं बोलणं बंद, त्यांच्या नातवाच्या बारशाला आम्ही गेलो नाही, ते मला अजून लागतंय.

आणि वाद किती जागेचा? बघा, दरवर्षी नांगराचं अर्धा फूट तास बांधात घातलं तर दहा वर्षांत पाच फूट होतात, बांध 330 फूट लांब असला तर 1650 चौरस फूट, म्हणजे दीड गुंठा. गुंठा 1089 चौरस फुटांचा असतो. म्हणून बांध कोरला की माणूस पेटतो, उगाच नाही पेटत.

दुसऱ्यांदा मोजणी आणली तेव्हा दगड आधीच ट्रॉलीत भरून रानात नेले. नोटीस तर लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या रानवाल्यांना, ऑफिसातनं जातेच, पण मी स्वतः अण्णांच्या दारात गेलो, म्हटलं अण्णा तुम्ही उभं राहा, तुमच्यासमोर होऊ दे. कोपरा निघाला की तिथंच दोन फूट खड्डा, तळाला घमेलंभर कोळसा, त्यावर दगड. कोळसा कुजत नाही, दगड हलला तरी खाली काळी खूण राहते. प्रत्येक दगडापाशी दोघांचा फोटो काढला, आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, दोघांच्या घरात ठेवली.

मोजणी पटली नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडनं फेरमोजणीचा अर्ज करा, तो तुमचा हक्क आहे, पण खूण उपटू नका. 1966 च्या जमीन महसूल संहितेत हद्दीच्या खुणा मोडल्या तर दंड आहे, आणि आपल्या रानातल्या खुणा सांभाळायची जबाबदारी त्याच कायद्यानं आपल्यावरच टाकलीय, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

परवा ट्रॅक्टरचा धक्का लागून बोरीजवळचा दगड कलंडला. मी बघायच्या आधी अण्णांचाच फोन, "अरे ये की, कोळसा उकरून बघू आणि बसवू परत."