कॉर्डलेस ड्रिल आणि तुमचं मनगट

ट्रिगर दाबला, बिट (भोक पाडणारी पुढची सळई) फिरायला लागलं की सगळ्यांची नजर बिटच्या टोकावर असते. जरा मागे बघा, मुठीकडे. मोटर बिटला ज्या ताकदीने एका बाजूला फिरवते तेवढ्याच ताकदीने ड्रिलचं अख्खं धूड उलट्या बाजूला फिरायला बघत असतं, आणि त्याला अडवणारं तिथे दुसरं काहीच नाही, फक्त तुमचं मनगट. बिट मऊ लाकडात सरसर चाललंय तोवर हे जाणवत पण नाही, जाणवतं ते बिट अडकल्यावर.

18 व्होल्टच्या चांगल्या ड्रिलला 60 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, असणं काही विशेष नाही. खोक्यावर तो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि आपण कौतुकाने वाचतो. आता हिशोब करा, चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) मध्यापासून मूठ 15 सेंटीमीटर खाली असेल तर बिट गच्च अडकल्या क्षणी मुठीवर साधारण 400 न्यूटन, म्हणजे 40 किलो वजनाइतका जोर येऊ शकतो, तोही आडवा आणि न सांगता. (काही खोक्यांवर 20 व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असतं, ते पण 18 व्होल्टचंच ड्रिल, 5 सेल असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर मोजलं की 20 भरतात.)

थोडं विषयांतर करतो. कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधलं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. नाही हो, ब्लॅक अँड डेकरने ते 1961 मध्येच आणलं होतं, नासाचं काम त्यांच्याकडे नंतर आलं आणि त्यातली अडचण नेमकी आपलीच होती. अंतराळात तरंगत असताना बोल्ट पिळायला गेलं तर बोल्ट राहतो जागेवर आणि अंतराळवीरच गरगर फिरतो, म्हणून नासाच्या जेमिनी अंतराळ मोहिमांसाठी उलटा झटका अंगावर न येणारा पाना बनवावा लागला. पुढे 1971 मध्ये अपोलो 15 च्या वेळी डेव्हिड स्कॉट चंद्रावर बॅटरीच्या ड्रिलने भोकं पाडत होता, तिथेही ते जमिनीत अडकलं, आणि मातीच्या नमुन्याची नळी बाहेर काढताना दोघा अंतराळवीरांना मिळून ओढावं लागलं.

आपण जमिनीवर असतो म्हणून वाचतो. पण शिडीवर चढून, एक हात वर ताणून ड्रिल मारत असाल तर तुमची पण पकड कशावरच नसते. बिट अडकलं की मनगट पिळवटतं आणि तोल जातो, दोन्ही एकदम. त्यामुळे पाय फाकवून उभं राहा, कोपर अंगाजवळ, आणि बाजूचं हँडल दिलं असेल तर ते लावाच, ते शोभेला दिलेलं नसतं.

बिट बहुतेक वेळा अडकतं कुठे, तर भोक आरपार जायच्या शेवटच्या मिलिमीटरला. पलीकडे पातळ कडा उरते, बिटची धार तिच्यात रुतते, आणि आपण नेमके तेव्हाच "झालंच आता" म्हणून अजून रेटतो. उलट करा, शेवटी दाब कमी करा. धातूच्या पट्टीचं तर अजून वाईट, हाताने धरलेली पट्टी बिटसोबत पंख्याच्या पात्यासारखी फिरते आणि तिच्या कडा धारदार असतात. क्लॅम्प लावायला अर्धं मिनिट जातं, जाऊ द्या.

चकमागची आकड्यांची रिंग म्हणजे क्लच. ठरलेल्या जोरापुढे गेलं की कटकट आवाज करून तो सुटतो. स्क्रू लावताना छोट्या आकड्यापासून सुरुवात करा. बरेच जण रिंग कायम ड्रिलच्या चिन्हावर ठेवतात, तिथे क्लच सुटतच नाही, सगळा जोर हातावर. आणि गियर 1 हळू फिरतो म्हणून तो सौम्य असं समजू नका, टॉर्क त्यातच जास्त असतो.

आता एक सवय जी व्हिडिओंमध्ये भारी वाटते, चक मुठीत धरायचा आणि ट्रिगर दाबून बिट घट्ट करायचं. कृपा करून नको. बॅटरी काढा, हाताने पिळा. बॅटरी काढायचा कंटाळा असेल तर निदान पुढे-मागे फिरवायचं बटण मधोमध ठेवा, ट्रिगर लॉक होतो. सैल हातमोजे, मोकळे केस, लांब बाह्या, गळ्यातली साखळी हे फिरत्या चकपासून लांब. हातमोजा घातला की सुरक्षित वाटतं खरं, पण तो गुंडाळला गेला की बोटं सोबत घेऊन जातो. चष्मा मात्र नेहमी, आणि काँक्रीटमध्ये मारताना चांगला मास्क पण, त्या धुळीत सिलिका (वाळूतलं खनिज) असते आणि ती फुप्फुसात बसते.

भिंतीतल्या वायरीचं काय? बॅटरीवर चालतंय म्हणजे शॉक लागणार नाही, हा गैरसमज. बिट चालू वायरीला लागलं तर चकसकट बाहेरचे धातूचे भाग करंटमध्ये येऊ शकतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळा, शंका असेल तर आधी मेन स्विच बंद करा, आणि ड्रिल प्लास्टिक-रबरच्या मुठीलाच धरा.

काम झाल्यावर बिट लगेच बोटांनी काढू नका, चांगलंच तापलेलं असतं. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका, टर्मिनल जोडले जाऊन शॉर्ट होते आणि लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, आणि फुगलेली किंवा जोरात आपटलेली असेल तर ती चार्जरला लावायचीच नाही.