कानूनचा माणूस

(दृश्य : पहाटेची लोकल, रुळांलगतची वस्ती)

मुंबईतला मध्य रेल्वेचा हा उपनगरी पट्टा. १९६५ साली रेल्वेचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, तरी लोकांच्या तोंडी जुनं जीआयपीच (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) होतं. रुळांच्या कडेनं पत्र्याची, किंतानाची घरं. दाराच्या जागी गोणपाट. उकाडा वाढला की माणसं बाहेरच पथारी टाकायची. आजही टाकतात, ती तुम्हाला दिसतेच आहे.

१९६५-६६ मध्ये या पट्ट्यात कुणीतरी रात्री यायचं आणि झोपलेल्याच्या डोक्यात जड हत्यार घालायचं. १९ जणांवर हल्ले झाले, ९ जण दगावले. तेव्हा याच भागात घुटमळणारा एक माणूस पोलिसांना सापडलाही होता. जबरी चोरीच्या गुन्ह्यात पाच वर्षं तुरुंगात काढलेला. खुनाचा पुरावा हाती नव्हता. त्याची नोंद राहिली, बोटांचे ठसे राहिले, आणि माणूस सुटला.

१९६८च्या पावसाळ्यात पुन्हा तेच सुरू झालं. या खेपेला उत्तरेकडची उपनगरं, मालाड आणि आसपासचा भाग. तेव्हा तिथे झाडी होती, पायवाटा होत्या, वस्त्या विरळ होत्या. लोक काठ्या घेऊन रात्रभर पहारा देऊ लागले. मारेकरी मांजराचं रूप घेतो, पोपट होऊन उडून जातो, अशी कुजबुज सुरू झाली. भिकारी आणि वेडसर माणसं रस्त्यात दिसली की जमाव त्यांना धरून चोपायचा.

(दृश्य : डोंगरी, सकाळची वर्दळ)

२७ ऑगस्ट १९६८. डोंगरी. फौजदार अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यावरून चाललेल्या एका माणसाला हटकलं. हल्ल्यातून वाचलेल्यांनी केलेलं वर्णन त्याला लागू पडत होतं. खाकी अर्धी चड्डी, बुशशर्ट, चिखलानं भरलेले बूट. नाव विचारलं तर म्हणाला, सिंधी दलवाई. ठसे जुन्या नोंदीशी ताडून पाहिले आणि दलवाईचा रामन राघव झाला, मागे पुराव्याअभावी सुटलेला तोच माणूस. कपड्यांवर रक्ताचे डाग होते.

(दृश्य : टेबलावर मांडलेल्या वस्तू)

या मूळ वस्तू नव्हेत, यादीवरून आम्ही जमवल्या आहेत. त्याच्याजवळ जे सापडलं ते असं : एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहापूड. आणि दोन कागद, नुसत्या आकडेमोडीनं भरलेले. पैशांची पुरचुंडी नाही, दागिना नाही. एखाद्या बिऱ्हाडाचं मोडकंतोडकं सामान वाटावं असा हा ऐवज आहे. त्या आकड्यांचा अर्थ कुणाला लागला नाही.

गुन्हे शाखेचे प्रमुख होते रमाकांत कुलकर्णी. त्यांच्या माणसांनी नाना परींनी विचारून पाहिलं. राघव गप्प. शेवटी कुणीतरी विचारलं, तुला हवंय तरी काय? तो म्हणाला, मुर्गी. कोंबडीचं कालवण आलं. पोटभर जेवला. आणखी काय? तर आणखी मुर्गी. मग खोबरेल तेल, कंगवा आणि आरसा. तेल आलं तेव्हा आधी त्याचा वास घेतला, खूश झाला, मग सगळ्या अंगाला चोळलं. केस विंचरले. आरशात स्वतःकडे पाहत राहिला. आणि मग त्यानंच पोलिसांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

खुनांबद्दल हवंय, असं सांगितल्यावर तो उठला आणि त्यांना घेऊन गेला. झुडपांत लपवलेली हत्यारं काढून दिली. चाळीसहून जास्त खुनांची कबुली दिली.

ही कोंबडीची गोष्ट मुंबईत पन्नास वर्षं सांगितली जाते आहे. सांगणारा हमखास हसतो. मलाही ती सांगायला आवडते, हे कबूल केलं पाहिजे. पण ती नीट ऐका. इतकी माणसं मारल्याचं सांगणारा माणूस सौदा करत नाही, वकील मागत नाही, सुटकेचं नावही काढत नाही. तेल मागतो. पोलिसांना यात बेरकी बनेलपणा दिसला. दिसायला जागाही होती, कारण त्याला सगळं आठवत होतं, जागा दाखवता येत होत्या.

(दृश्य : न्यायालयाची इमारत, बाहेरून)

आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून ही कमान. १९६९ साली सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. इतक्या कबुलीनंतर खटला चालला मालाडजवळच्या चिंचवली गावातल्या दोघांच्या खुनाचा. पोलीस सर्जननी त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवलं आणि अहवाल दिला : स्मरणशक्ती ठीक, बुद्धी सर्वसाधारण, वेडा नाही. बचाव पक्षानं नायर रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ उभे केले. ते म्हणाले, याला फार जुना स्किझोफ्रेनिया आहे, संशयभ्रमाचा. आपण माणूस मारतोय हे याला कळतं, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही.

सगळा खटला या एका वाक्यावर येऊन अडला. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ तेवढंच विचारतं : मनाच्या विकारामुळे माणसाला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं का, किंवा ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं का? या कसोटीचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ सालच्या मॅकनॉटन खटल्यात आहे. आज नव्या न्याय संहितेत कलमाचा आकडा २२ झालाय, प्रश्न तोच आहे. आजारी आहे का, असं कायदा विचारत नाही. आजारानं नेमकं काय हिरावून घेतलं, ते विचारतो. न्यायाधीशांनी फाशी सुनावली. राघवनं अपील करायला नकार दिला.

फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयानं तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. हे मंडळ त्याला पाच वेळा भेटलं, दर वेळी सुमारे दोन तास. इतका वेळ त्याचं बोलणं बहुधा आधी कुणीच ऐकून घेतलं नव्हतं. त्यांना काय ऐकू आलं?

(दृश्य : रिकामी खोली, दोन खुर्च्या)

की जगं दोन आहेत. एक आपलं, हे दुष्ट जग. दुसरं कानूनचं. आणि तो कानूनचा प्रतिनिधी. की देशात तीन सरकारं आहेत : अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं. तिन्ही त्याच्या मागावर आहेत, त्याला मोहात पाडू पाहतात. की सरकारनंच त्याला चोऱ्या करायला मुंबईत आणलं. की लोक त्याला बाई बनवू पाहतात, पण तो शंभर नव्हे, १०१ टक्के पुरुष आहे.

कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, असं नायरचे डॉक्टर म्हणाले होते. इथे तर आरोपीच सांगत होता की कायदा म्हणजे मी.

आपल्याकडे सीरियल किलर म्हटलं की थंड डोक्याचा, हुशार, वरून सभ्य माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्या एफबीआय या तपास संस्थेनं सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तुरुंगात जाऊन अशा खुन्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून हे चित्र पक्कं झालं. तसे असतातही. त्यांची वास्तवाशी फारकत झालेली नसते, दुसऱ्याच्या वेदनेशी झालेली असते. राघव त्यातला नव्हता. त्याचं वास्तवच वेगळं होतं. अशा आजाराची बहुसंख्य माणसं कुणावर हात उचलत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो.

आणि बालपण? तो तमिळनाडूकडचा, शाळा झालेली नाही, चोरीची सवय जुनी. याच्या पलीकडे भरवशाचं काही डॉक्टरांच्याही हाती लागलं नाही. सिनेमावाल्यांनी ती जागा आपापल्या परीनं भरली. आम्ही ती मोकळी ठेवली आहे.

शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला. राघवनं तो घेतला नाही. म्हणाला, मी कानूनचा प्रतिनिधी आहे, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही.

मंडळानं त्याला मनोरुग्ण ठरवलं.

(दृश्य : येरवडा कारागृहाची भिंत)

तो येरवड्यात राहिला. पुण्यातच उपचार झाले. आजार बरा होणारा नाही, या निष्कर्षावर १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजारानं तो गेला. त्यानं मारलेल्यांपैकी बरेच जण परगावाहून पोटासाठी आलेले, उघड्यावर झोपणारे होते.

(दृश्य : रात्र. फूटपाथवर एक बाई पथारी झटकून अंथरते, पोराला भिंतीकडच्या बाजूला सरकवते. निवेदन नाही. गाड्यांचा आवाज.)