हॉकी कळत नाही, पण हॉकीवाला कळतो!

आपल्या ठाण्यात बर्फ दिसतो तो तलावपाळीच्या गोळ्यावर. आणि ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात पोरी फोनवर वाचतायत काय, तर आइस हॉकी खेळणाऱ्या पोराची लव्हस्टोरी. त्यातला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारा, सांगता येणार नाही. पण मॅच हरल्यावर तो पहिला फोन कुणाला करतो, ते तोंडपाठ!

नमस्कार मंडळी. आज स्पोर्ट्स रोमान्स. अमेरिकेत हा प्रकार गेली तीसेक वर्षं तरी चालतोय. तेव्हा हिरो त्यांच्या फुटबॉलमधला असायचा, मग बुकटॉकनं, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकवेड्यांनी, हॉकीवाल्याला डोक्यावर घेतलं. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० मध्येच बंद झालं, पण रील्स आहेत की.

"सिक्स पॅकसाठी वाचता तुम्ही," हे हमखास ऐकवलं जातं. असतात हो सिक्स पॅक, नाही कोण म्हणतंय! पण नुसती बॉडीच बघायची असती, तर जिम ट्रेनरच्या कादंबऱ्या नसत्या गाजल्या?

माझं म्हणणं असं, की प्रेमकथेला अडथळा लागतो. पूर्वी तो आयता मिळायचा. घरचे, जात, पैसा, पत्रिका. (आपल्याकडे अजूनही मिळतो, तो भाग वेगळा.) पण अमेरिकेतली दोन सज्ञान माणसं एकमेकांना आवडली, कुणाची हरकत नाही, मग लेखिकेनं तीनशे पानं करायचं काय? तिथे खेळ धावून येतो. नॅशनल हॉकी लीगच्या नियमित हंगामात एका संघाचे ऐंशीहून जास्त सामने, त्यातले निम्मे परगावी. शिवाय करारात तशी अट घातलेली नसेल, तर संघ आपला खेळाडू सरळ दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकू शकतो. आज सिएटल, परवा फ्लोरिडा. खलनायक कुणीच नाही, तरी ताटातूट!

आणि खेळाच्या नियमांतच मसाला भरलेला असतो. हॉकीत साधा फाउल केला तरी दोन मिनिटं कडेच्या पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसावं लागतं. बाहेर टीम एक माणूस कमी घेऊन झुंजतेय, हा हेल्मेटमधून घाम गाळत घड्याळाकडे बघतोय. एवढा धिप्पाड गडी, आणि दोन मिनिटं काही म्हणजे काही करू शकत नाही. नेमकी तेव्हाच ती त्याला प्रेक्षकांत दिसते. दिसणारच!

पण या सगळ्याच्या मुळाशी मला एक गोष्ट वाटते. खेळाडू चारचौघांत हरतो. आपण ऑफिसात माती खाल्ली तर चार जणांना कळतं, त्याची चूक रिप्लेमध्ये पुन्हा पुन्हा दाखवतात. ३० ऑक्टोबर २०२५ आठवा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला क्रिकेट वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९चं लक्ष्य. जेमिमा रॉड्रिग्स नाबाद १२७. आणि मॅच संपल्यावर ती रडत रडत सांगते, की या स्पर्धेत मला अँग्झायटीनं घेरलं होतं, आईला फोन करून रडायचे. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यात बाहेरही बसवलं होतं. धावा आपण सगळ्यांनी पाहिल्या होत्या, तो फोन कुणीच पाहिला नव्हता. स्पोर्ट्स रोमान्स वाचणारीला तो फोन ऐकायचा असतो. अख्खं स्टेडियम ज्याला ओळखतं, त्याला आतून ओळखणारी मी एकटी. ही नशा आहे, मान्य करा.

जर्सीचा सीन तर प्रत्येक पुस्तकात. ती त्याचं नाव आणि नंबर पाठीवर घालून स्टँडमध्ये येते, आणि याचा खेळच बदलतो. आपण हसतो, पण हा उखाणाच की! सगळ्यांसमोर नाव घेणं, फक्त पाठीवर.

आता तक्रार. निम्म्या पुस्तकांत खेळ म्हणजे भिंतीला लावलेलं पोस्टर. हिरो सरावाला जातच नाही, तरी फायनल जिंकतो. मी अशी पुस्तकं पन्नासाव्या पानावर सोडते. दुसरं म्हणजे खऱ्या खेळाडूंना कादंबरीतलं पात्र समजणं. २०२३ मध्ये सिएटल क्रॅकन या खऱ्या आइस हॉकी संघानं आधी बुकटॉकवाल्यांना भरपूर चुचकारलं. मग एका खेळाडूच्या बायकोनं जाहीर सांगितलं, की माझ्या नवऱ्याबद्दलच्या काही कमेंट्स म्हणजे लैंगिक छळ आहे. तिचं बरोबरच होतं. कादंबरीतला पोरगा आपला, बर्फावरचा नाही.

आणि एक सांगा, मराठीत कबड्डी रोमान्स का नाही? तीस सेकंदांची चढाई, तेवढ्यात माणूस एकट्यानं समोरच्या सात जणांत घुसतो. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्या नाहीतर बाहेर. आणि बाद झालेला सोबत्यानं गुण मिळवला की परत आत येतो, 'जिवंत' होतो! आयते तीन चॅप्टर झाले. अडथळाही घरचाच: स्पोर्ट्स कोट्यातली रेल्वेची नोकरी, नाइट शिफ्ट, पहाटेचा सराव, आणि "खेळून पोट भरतं का" म्हणणारे तिचे बाबा. माझ्या डोक्यात तर रेडर तीच आहे आणि तो कळव्यात राहणारा फिजिओ. पहिल्या भेटीत तो तिचा सुजलेला गुडघा बघून म्हणतो, "दोन आठवडे मॅट बंद." ती म्हणते, "शनिवारी फायनल आहे." कुणी लिहायला घेतलं तर कमेंटमध्ये कळवा, कच्चा खर्डाही वाचेन.