येरवड्यातला भाषेचा वर्ग

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हणालात, तर तो तुम्हाला थेट जिमखान्यावर नेऊन सोडेल. आपल्याला जायचंय येरवड्याला, डेक्कन कॉलेजात. दगडी कमानी, जुनी झाडं. टिळक, आगरकर इथलेच विद्यार्थी. पण आज त्यांच्या आठवणी काढायला आलेलो नाही.

(दृश्य: फळ्यावर खडूने दोन शब्द. ‘जग’. ‘जगणं’.)

मोठ्याने म्हणून बघा. अक्षर एकच, ‘ज’. पण पहिल्याला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांकडे. ‘चार’ आणि ‘चारा’चंही तेच. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि म्हणूनच कुणाला शिकवायची वेळ आली की आपली बोबडी वळते. भाषा येणं वेगळं, ती शिकवता येणं वेगळं. या आवारातल्या काही माणसांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली.

सरकारने 1934 मध्ये कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि 1939 मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आले ते तेव्हाच. त्यांच्याच बरोबरीने आले सुमित्र मंगेश कत्रे. संस्कृतचा कोश उभारणारा हा माणूस कोकणीवरही तेवढ्याच निष्ठेने लिहीत होता. त्या काळी हे सोपं नव्हतं. बोलींना पंडितांच्या पंगतीत पान मांडलं जात नसे. कत्रे संचालक असताना, 1955 मध्ये, इथे भाषाविज्ञानाचं उन्हाळी विद्यालय भरलं. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने देशी-परदेशी अभ्यासक एका छपराखाली आले. पुण्याच्या मे महिन्यात, हेही लक्षात घ्या.

मग अशोक केळकर. कॉर्नेल विद्यापीठात 1958 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो मराठीच्या ध्वनींवर आणि रूपांवर. आपल्याच भाषेचा असा अभ्यास करायला अमेरिकेत जावं लागलं, याचं हसावं की रडावं कळत नाही. पण ते परतले, आणि 1962 पासून 1989 पर्यंत इथेच शिकवत राहिले. पुढे मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’ या नियतकालिकाचे पहिले संपादकही तेच. भाषेचं शास्त्र मराठीतून मांडायचं, हा त्यांचा हट्ट.

(दृश्य: वर्गाचं दार. बाहेर चपलांची रांग.)

याच आवारात आणखी एक केंद्र आहे. म्हैसूरला 1969 मध्ये भारतीय भाषा संस्था निघाली. तिचे पहिले संचालक देबीप्रसन्न पट्टनायक, मूळचे ओडिशाचे. त्या संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आलं. परराज्यांतले शाळामास्तर इथे दहा महिने राहून मराठी, गुजराती किंवा सिंधी शिकतात, आणि परत जाऊन शिकवतात. स्वतः वर्षानुवर्षं फळ्यापाशी उभा राहिलेला माणूस पुन्हा बाकावर बसतो. चुकतो. शेजारच्याची वही बघतो.

‘ज’ जमतो हळूहळू. अडतं ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’पाशी. हिंदीच्या ‘हम’मध्ये दोन्ही मावतात. मराठीत मात्र समोरच्याला सोबत धरायचं की वगळायचं, हे बोलतानाच ठरवावं लागतं.

समजा, सुट्टीत एखादा मास्तर वर्गमित्राला म्हणाला, “आम्ही चहाला जातो.” आणि निघाला.

वर्गमित्र जागचा हलला नाही, तर चूक त्याची नाही.