पाहुण्यांचे शब्द कुठे जपायचे?

नमस्कार श्रोतेहो.

लग्नानंतर कधीतरी शुभेच्छांची ती जाड वही उघडली जाते. पहिल्या पानांवर सुबक अक्षर, पुढे नुसती नावं, मग "हार्दिक शुभेच्छा", त्याखाली पुन्हा "हार्दिक शुभेच्छा" आणि उरलेली पानं कोरी. लिहिणाऱ्यांना त्या जोडप्याबद्दल माया नव्हती असं मुळीच नाही. पण मागे रांग, एकच पेन, कानावर गोंगाट आणि समोर कोरा कागद. अशा वेळी भल्याभल्यांना काही सुचत नाही. साधा हिशोब करा. दोनशे पाहुण्यांनी एकेक मिनिट घेतलं, तर एका वहीपुढे तीन तास वीस मिनिटं जातात. इतका वेळ असतो कुणाकडे?

म्हणून वहीऐवजी दुसरं काही ठेवावं, हा विचार मला मनापासून पटतो. फक्त त्यासाठी सुंदर वस्तू शोधत फिरण्याआधी दोघांनी शांतपणे बसून ठरवावं, की दहा-पंधरा वर्षांनी आपल्याला परत काय हवंसं वाटेल. माणसांचं अक्षर, त्यांचा चेहरा, की त्यांचा आवाज? याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड तिथेच होते.

अंगठ्याच्या ठशांचं झाड तुम्ही पाहिलं असेल. कागदावर पानं नसलेलं झाड काढलेलं असतं, येणारा प्रत्येकजण शाईचा ठसा उमटवतो आणि त्याचं पान होतं. भिंतीवर हे फार छान दिसतं, लहान मुलांना त्यात गंमत वाटते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचाही त्यात वाटा राहतो. मात्र यात नावापलीकडे शब्द उरत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका. शेजारी ओले रुमाल हवेतच, नाहीतर पुढचे ठसे लोकांच्या कपड्यांवर उमटतील. फोटोभोवतीच्या रुंद कोऱ्या पट्टीवर सह्या घेतात, त्याचंही तसंच. लाकडी ठोकळ्यांवर किंवा चित्रकोड्याच्या तुकड्यांवर लिहून घेणार असाल, तर एका तुकड्यावर तेच पेन आधी चालवून बघा. कच्चं लाकूड शाई पितं आणि अक्षर फुटतं.

चेहरे हवे असतील तर झटपट फोटो देणारा कॅमेरा. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक, अमेरिकी संशोधक एडविन लँड यांनी असा कॅमेरा 1947 मध्ये लोकांसमोर दाखवला, 1948 मध्ये तो विक्रीला आला, आणि हातातल्या कागदावर चित्र उमटताना बघण्याची मजा अजून ओसरलेली नाही. फोटो वहीत चिकटवायचा, शेजारी दोन ओळी लिहायच्या. पण इन्स्टॅक्स मिनी या झटपट कॅमेऱ्याच्या फिल्मच्या एका पाकिटात दहाच फोटो असतात. दोनशे जण जोडी-जोडीने आले तरी शंभर फोटो, म्हणजे दहा पाकिटं, शिवाय बिघडलेल्यांसाठी एखाद-दुसरं जादा. हे काम सांभाळायला उत्साही माणूस लागतो. कॅमेरा नुसता टेबलावर ठेवला तर पाहुणे तो उचलून बघतात आणि परत ठेवतात.

अक्षर हवं असेल, तर माझं मत सुट्या कार्डांच्या बाजूने आहे. एकाच वेळी वीस जण लिहू शकतात. बिघडलं तर कार्ड बदलता येतं. आजोबांपर्यंत कार्ड नेता येतं, त्यांना रांगेत उभं करावं लागत नाही. आणि कार्डावर एक प्रश्न छापा, अगदी नेमका. "आमच्यात अबोला धरला गेला तर पहिला शब्द कुणी बोलावा?" "आमच्यापैकी एकाची अशी एक गोष्ट सांगा, जी दुसऱ्याला ठाऊक नसेल." अशा प्रश्नावर हात आपोआप चालू लागतो. लहानपणी कोण कुठल्या माळ्यावर लपून बसलं होतं, तेही मग कार्डावर येतं. कागद आम्लविरहित घ्या, कारण साधा कागद वर्षांगणिक पिवळा पडतो. शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, असेल तर ती उजेडाला आणि पाण्याला जास्त टिकते. वृद्ध पाहुण्यांसाठी जाड टोकाची पेनं आणि एक खुर्ची ठेवायला विसरू नका.

आता आवाज. हे सांगताना मी थोडी जास्त वेळ घेणार आहे, कारण मला हाच पर्याय सर्वांत मोलाचा वाटतो. यासाठी जुन्या टेलिफोनसारखं दिसणारं, बोलणं मुद्रित करणारं यंत्र ठेवतात. त्याचा रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, जोडप्याचं छोटंसं स्वागत ऐकायचं, "टूं" वाजलं की बोलायचं. आत्याबाई आधी घसा साफ करतात, "चालू झालं का हे?" असं शेजारणीला विचारतात, मग एकदम हसतात आणि त्यानंतर जे बोलतात ते कुठल्याही कागदावर उतरलं नसतं. ती विचारणा, ते हसू, बोलण्यातली ती लकब, सगळं तसंच राहतं. माणूस गेल्यावर त्याचा फोटो बहुतेक घरांत सापडतो, पण आवाज क्वचितच सापडतो. आई-वडील थकलेले असतील, आजी-आजोबा असतील, तर एवढ्या कारणासाठी तरी आवाज घ्याच.

खास यंत्र भाड्याने घेतलंच पाहिजे असं नाही. ध्वनिमुद्रणाची सोय असलेला साधा मोबाइलही पुरतो. जागा मात्र नीट निवडा. वाद्यांपासून आणि स्पीकरपासून लांब, शक्यतो वेगळी खोली, दार लोटता येईल अशी. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगावं, अशी पाटी लावा, नाहीतर पुढे आवाज ओळखण्यावरून घरात वाद होतील. आदल्या दिवशी दोन-तीन संदेश मुद्रित करून ऐकून बघा. बॅटरी भरलेली आणि मेमरी रिकामी आहे ना, हेही तेव्हाच तपासा.

लग्नाच्या रात्री हे सगळं कुणी उचलून घरी न्यायचं, ते एका माणसाच्या नावाने ठरवून ठेवा. वधूवरांच्या ते लक्षात राहणार नाही. आठवडाभरात आवाजाच्या फाइलींच्या दोन प्रती काढा आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. कार्डांचे स्कॅन काढा. फोटो उन्हात लावू नका. आणि एखाद्याचं अक्षर लागत नसेल, तर तो माणूस आहे तोवर त्यालाच फोन करून विचारा.